मंग तिचं काय झालं?

फेब्रुवारी २०२५ मधला शेवटचा रविवार. आमच्या मालेगाव तालुक्यातल्या (नाशिककडचं नव्हे, वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव) एका गावच्या बचत गटातल्या अकरा जणी आणि मी अकोल्याहून 'छावा' पाहून परत येत होतो. हरभऱ्याची सोंगणी चालू होती. म्हणजे प्रत्येकीनं एका दिवसाची मजुरी बुडवली होती, वर गाडीच्या भाड्याची वर्गणी काढली होती. अकरांपैकी सात जणी थिएटरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होत्या.

शेवटच्या छळाच्या प्रसंगात सगळ्याच रडल्या होत्या. पातूरचा घाट ओलांडेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मेडशी मागे पडल्यावर मागच्या सीटवरून गटाच्या सचिवबाईंनी विचारलं, "ताई, राजे त गेले. मंग तिचं काय झालं? येसूबाईचं?"

मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. संभाजीराजांची हत्या मार्च १६८९ मधली. त्यानंतर रायगडाला वेढा पडला. धाकट्या दिरानं, राजारामानं, गडाबाहेर पडून राज्य पुढे चालवावं असा निर्णय येसूबाईंनी घेतला आणि स्वतः लहानग्या शाहूसह गडावर थांबल्या. त्याच वर्षी रायगड पडला, मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेब १७०७ मध्ये मेल्यावर शाहू सुटला, येसूबाई नाही. त्या ओलीस राहिल्या. बाळाजी विश्वनाथानं त्यांना परत आणलं ते १७१९ साली. जवळजवळ तीस वर्षं! नवरा मोहिमेवर असताना कारभार पाहणारी, स्वतःची शिक्का-मोर्तब असलेली ही बाई.

गाडीत पुन्हा शांतता. मग सचिवबाई म्हणाल्या, "मंग खरी गोष्ट त पुढंच हाये."

मैत्रिणींनो, तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मी सिनेमाची वेडी आहे, हे आधी कबूल करते. गणपतीत भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर रात्रभर तीन-तीन सिनेमे पाहत मी मोठी झाले. मारधाड, भुताचे, रडके, विनोदी, मला सगळे चालतात. समाजकार्याचं शिक्षण घेतल्यावर अशा सिनेमांना नाकं मुरडायची असतात, ते मला जमलं नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते सिनेमाच्या शत्रूचं नाही, प्रेक्षकाचं आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत पाहिलेले सिनेमे मी सचिवबाईंचा प्रश्न घेऊन पुन्हा आठवून पाहिले.

'छावा'त येसूबाई झालेली रश्मिका मंदाना त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'अ‍ॅनिमल'मध्ये नायकाची बायको होती आणि डिसेंबर २०२४ च्या 'पुष्पा २' मध्येही नायकाची बायकोच. या तिन्ही चित्रपटांनी प्रत्येकी सातशे कोटींच्या वर धंदा केला. 'अ‍ॅनिमल'मधली गीतांजली नवऱ्याचा संशय, मारामाऱ्या, दुसरी बाई हे सगळं सोसते आणि शेवटी मुलांना घेऊन घर सोडते. मला वाटलं, आता खरी गोष्ट सुरू होईल. दोन लेकरं घेऊन निघालेली बाई कुठे जाते, खर्च कसा भागवते, मुलांचा ताबा मिळतो का? पण सिनेमाला त्यात रस नाही. नावांची पाटी सरकल्यावर जे दिसतं तो पुढच्या भागासाठी राखून ठेवलेला आणखी एक रक्तपात. बाई दाराबाहेर पडली की कॅमेऱ्यानं दार लावून घेतलं. 'पुष्पा २' मध्ये तर नायक स्वतःच साडी नेसून देवीच्या जत्रेत नाचतो आणि मुलगी व्हावी म्हणून नवस बोलतो. टाळ्या पडतात. मुलगी मागणारा बाप पडद्यावर दिसला याचा मलाही आनंद झाला. पण जिनं ते मूल पोटात वाढवायचं, तिला काय हवं आहे?

आता 'जवान' घ्या. सप्टेंबर २०२३ चा. वाशीम हा पश्चिम विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या जिल्ह्यांपैकी एक. त्यामुळे शाहरुख खानच्या सिनेमात ट्रॅक्टरच्या कर्जापायी फास घेणारा शेतकरी दिसला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. आपलं दुःख एवढ्या मोठ्या पडद्यावर आलं! त्या शेतकऱ्याची मुलगी नायकाच्या टोळीत सामील होते, नायक मेट्रो ओलीस धरतो आणि लाखो शेतकऱ्यांचं कर्ज एका झटक्यात फेडून घेतो. शिट्ट्या मीही वाजवल्या. पण आमच्याकडे मेट्रो नाही आणि नायकही नाही. आमच्याकडे असतं ते तेराव्यानंतरचं घर. दुसऱ्या दिवशी चूल कोण पेटवतं, सावकाराला दारात कोण उत्तर देतं, पेरणीचं बियाणं कुठून येतं? ते या सिनेमात नाही.

भुताचा सिनेमा म्हणून 'स्त्री २' (ऑगस्ट २०२४) मला मनापासून आवडला. आपल्या मनासारखं जगू पाहणाऱ्या बायांना मुंडकं नसलेला राक्षस पळवून नेतो, ही कल्पनाच केवढी बोलकी आहे! गावातले पुरुष त्याच्या प्रभावाखाली जाऊन बायांना घरात कोंडू लागतात तेव्हा आमच्या काही गावांची आठवण झाली. पण शेवटी राक्षस मरतो, बाया सुटतात आणि सिनेमा संपतो. परत आलेल्या मुलीला गाव काय विचारतं, हे मला कामामुळे माहीत आहे. "कुठे होतीस? कोणासोबत होतीस?" राक्षसाच्या तावडीतून सुटणं त्यामानानं सोपं. आणि बाईच्या बाजूनं बोलणाऱ्या याच सिनेमात बाईला नाचवून खूश करण्याचं गाणं हवंच, हेही खरं.

'बाईपण भारी देवा' (जून २०२३) बद्दल मला वाईट बोलवत नाही. केदार शिंदेंच्या या सिनेमानं साड्या नेसून, घोळक्यानं बाया थिएटरात आणल्या. पुरुषांशिवाय, कोणाच्या परवानगीशिवाय सिनेमाला जाता येतं हे अनेकींना त्यानं दाखवलं. सहा बहिणींतली तेढ त्यात मंगळागौरीच्या खेळात सुटते. आमच्या वऱ्हाडातल्या शेतमजूर घरांत मंगळागौर नाही, भुलाबाई आहे. पण खेळता खेळता मन मोकळं होतं हे आम्हाला परकं नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्या सहा जणी आपापल्या घरी परतल्यावर भांडी कोणी घासली, हा प्रश्न उरतोच.

कोणी म्हणेल, सिनेमा कुठेतरी संपवावाच लागतो. बरोबर आहे. 'छावा' हा संभाजीराजांवरचा सिनेमा, तो त्यांच्या मृत्यूपाशी संपला यात दिग्दर्शकाचा गुन्हा नाही. माझी तक्रार एका सिनेमाबद्दल नाहीच. इतिहास असो, सूडकथा असो, भूत असो, सगळे नेमके त्याच ठिकाणी कसे संपतात? पुरुषाचा पराक्रम किंवा मरण झालं की गोष्ट झाली. त्यानंतर जी उरते तिचं जगणं हे जणू गोष्ट नव्हेच.

याला अपवाद मी दोन पाहिले. किरण राव यांचा 'लापता लेडीज' (मार्च २०२४). घुंगटामुळे आगगाडीत नवरी बदलते आणि फूल नावाची मुलगी स्टेशनवर एकटी उरते. तिला सासरच्या गावाचं नावही नीट सांगता येत नाही. नेहमीचा सिनेमा तिला शोधणाऱ्या नवऱ्याच्या मागे धावला असता. हा तिच्यापाशीही थांबतो. चहाचा ठेला चालवणाऱ्या मंजूमाईच्या हाताखाली ती काम करते, कलाकंद बनवते आणि आयुष्यातली पहिली कमाई हातात घेते. त्या क्षणी तिचा चेहरा पाहा. बचत गटातून पहिल्यांदा स्वतःच्या सहीनं पैसे उचलणाऱ्या बाईचा चेहरा अगदी तसाच असतो.

दुसरा, पायल कपाडिया यांचा 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'. २०२४ च्या कान महोत्सवात त्याला ग्रां प्री हा मोठा पुरस्कार मिळाला. मंजूमाई झालेल्या छाया कदम यात पार्वती आहेत, मुंबईच्या इस्पितळात स्वयंपाक करणारी रत्नागिरीकडची विधवा. बिल्डर तिला घराबाहेर काढू पाहतो. घर आपलं आहे हे दाखवणारा एकही कागद तिच्याकडे नाही. नवऱ्यानं तिला कधी काही सांगितलंच नव्हतं. बस्स, एवढंच. कोणी नायक येत नाही. पण नवरा गेल्यावर 'मंग तिचं काय झालं' याचं उत्तर त्या एका कागदात आहे, हे या सिनेमाला कळलं आहे.

हा सिनेमा आमच्या तालुक्यात लागला नाही. मी तो नंतर मोबाईलच्या टीचभर पडद्यावर पाहिला, आणि पार्वतीच्या जागी मला आमच्या सचिवबाईच दिसल्या. त्यांच्या नवऱ्यानं २०१६ साली विष घेतलं. मदतीचा प्रस्ताव 'अपात्र' ठरला, कारण सातबारा सासऱ्याच्या नावावर होता. २००६ च्या शासन निर्णयानुसार पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्यातला एक रुपया त्यांना दिसला नाही. पुढे सासरे वारले. दिरांनी वारस नोंद करून घेतली, त्यात यांचं नाव नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा सांगतो की आधी वारलेल्या मुलाची विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे. कायद्यात नाव आहे, फेरफारात नाही. नवरा जिवंत असताना ज्या शेतात निंदण-खुरपण केलं, त्याच शेतात आज त्या दिराकडे मजुरीनं जातात.

म्हणून त्या रात्री त्यांनी येसूबाईंबद्दल विचारलं. तो प्रश्न इतिहासाचा नव्हता.

आता मी काय सुचवते? मोठमोठे सिनेमे पाहू नका असं मी म्हणणार नाही. जरूर पाहा, घोळक्यानं पाहा, दुपारचा खेळ गाठा म्हणजे रात्रीच्या आत घरी येता येईल. ८ मार्चला भाषणांऐवजी एखाद्या वर्षी गटानं 'लापता लेडीज' पाहावा. पण परतीच्या वाटेवर, गाडीत किंवा एसटीत, एकमेकींना हा प्रश्न विचारायचाच. ज्या सिनेमाला त्याचं उत्तर नाही, त्याचं उत्तर आपण आपल्या गावातून द्यायचं. कोणत्या घरात नवरा गेला, सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे, वारस नोंद झाली का, हे विचारायला सुरुवात करायची.

अकोल्याहून आल्यावर पंधरा दिवसांत सचिवबाईंनी फेरफाराविरुद्ध अपील टाकलं. उशीर माफ व्हावा म्हणून वेगळा अर्ज जोडावा लागला. आतापर्यंत चार तारखा झाल्या. दर तारखेला गटातल्या दोघी-तिघी मजुरी बुडवून सोबत जातात. निकाल लागलेला नाही. गेल्या तारखेला कचेरीच्या ओट्यावर बसून डबा खाताना त्या हसून म्हणाल्या, "ताई, हा सिनेमा लयच लांबला व. पण शेवटलोक पाहाचा."