भेग पडली म्हणजे घर पाडावेच असे नाही



दारव्ह्यातील जुनी विटामातीची घरे भेगाळल्यामुळे ती पाडून सिमेंटची बांधावीत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत भेगांच्या कारणाचा विचार न करता मांडलेले दिसते. यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या, म्हणजे चिकणमातीचे प्रमाण अधिक असलेल्या जमिनीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पायावरील भिंत दरवर्षी थोडी वरखाली होते. ऋतूनुसार उघडणारी-मिटणारी भेग ही बहुधा जमिनीची तक्रार असते, भिंतीची नव्हे. भेगेवर चुन्याने काचेची पट्टी चिकटवून वर्षभर पाहिल्यास हालचाल कळते. नवा पायाही असाच उथळ राहिला, तर सिमेंटचे घरही तडकते. खोल काळ्या मातीत हंगामी हालचाल सुमारे साडेतीन मीटरपर्यंत पोहोचते. म्हणूनच रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब पायासाठी विकसित केले, आणि त्यांचा खर्च पाडकामाच्या हिशेबात क्वचितच धरला जातो.

छपराचे पाणी भिंतीपासून दूर नेणे आणि भोवती फरसबंदी करणे हे आधीचे, स्वस्त उपाय होत. मात्र भिंत ओळंब्याबाहेर झुकली असेल किंवा वाळवीने सागवानी तुळया पोखरल्या असतील, तर पत्रलेखकाचे म्हणणे मान्य करावे लागते. कमकुवत भिंतींचा धोका खरा आहे: 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती जड माळवदासह कोसळल्या होत्या.

— एक वाचक, दारव्हा