गाडी चालू होत नाही? आधी तपासणीचे पैसे, मग पान्याला हात



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोललो आणि गॅरेज टाकायच्या तयारीत असलेल्या बऱ्याच मुलांना ते पटलं नाही. वाक्य असं होतं : "बंद पडलेली गाडी तपासायचे वेगळे पैसे घ्या, आणि पुढचं काम तुम्हालाच मिळालं तरी ते पैसे बिलातून वजा करू नका." व्हिडिओत वेळ कमी होता. इथे नीट मांडतो.

जुन्नर भागातून पुण्याच्या मार्केट यार्डात टोमॅटो नेणारा एक टेम्पोवाला माझ्या ओळखीचा आहे. एके रात्री माल भरला, किल्ली फिरवली, तर सेल्फ कण्हल्यासारखा फिरला आणि थांबला. गावातल्या गॅरेजवाल्या पोराला उठवून आणलं. त्याने आवाज ऐकला आणि म्हणाला, "बॅटरी गेली." ६,००० रुपयांची नवी बॅटरी बसली, गाडी चालू झाली. चार दिवसांनी पुन्हा तेच. आता पोरगा म्हणाला, "मग सेल्फ असणार." सेल्फ खोलला, बुश आणि कार्बन ब्रश बदलले, २,८०० रुपये. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या रात्री भरलेला टेम्पो पुन्हा जागेवर. टोमॅटो सकाळच्या बाजाराला पोचला नाही. दुपारी त्याला काय भाव मिळतो, ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको.

शेवटी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटर लावला. इंजिनपासून चॅसीला येणारी अर्थची केबल नटाखाली गंजली होती. त्याने ती काढली, घासली, नवी लग लावून घट्ट आवळली. त्याचे घेतले १०० रुपये.

आता तुम्ही म्हणाल, पोरगा चुकला आणि म्हातारा ग्रेट. माझं मत वेगळं आहे. धंदा म्हणून बघितलं तर दोघंही चुकले. पोराने अंदाजाचे ८,८०० घेतले. म्हाताऱ्याने ज्या ज्ञानाने टेम्पोवाला वाचला, ते ज्ञान जवळजवळ फुकट दिलं. आणि म्हातारा फुकट देतो म्हणूनच पोराला तपासणी शिकावीशी वाटत नाही!

नीट बघा. तो पोरगा लबाड नव्हता. पण तपासणी फुकट आणि कमाई फक्त पार्टवर, असा गल्ल्याचा हिशोब असला की हात आपोआप पार्टकडे जातो. अर्धा तास मीटर घेऊन वाकलात, तर सुटतात १०० रुपये. दहा मिनिटांत बॅटरी बदलली तर त्याच्या कितीतरी पट. पोट असलेला कुठलाही माणूस काय करेल? म्हणून "प्रामाणिक राहा" एवढा उपदेश करून भागत नाही. प्रामाणिक राहणं परवडेल असा दर आधी लावावा लागतो.

पैसे घेताय, मग क्रम पाळा

नुसतं बॉनेट उघडून मान हलवायचे पैसे कोणी देणार नाही. तपासणीला क्रम हवा.

पहिलं, विचारा. शेवटची कधी चालू झाली होती? मध्ये कोणी वायरिंगला हात लावला का, म्युझिक सिस्टिम किंवा जादा लाइट बसवली का? डिझेल संपलं होतं का? गाडी किती दिवस उभी होती? निम्मा तपास इथेच होतो.

दुसरं, गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, किल्ली फिरवा आणि ऐका. मुख्य प्रकार चार. काहीच आवाज नाही : फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच, क्लचचा स्विच, नाहीतर सुटलेलं टर्मिनल. एकच जोरात 'टक', आणि हेडलाइट तशीच लख्ख : करंट सेल्फपर्यंत पोचतोय की नाही ते बघा, पोचत असेल तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड. 'टकटकटकटक' आणि लाइट मंद : बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल खराब. आणि चौथा, सेल्फ छान फिरतोय पण इंजिन पकडत नाही. इथे बॅटरी बदलणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून पायाला पट्टी. पेट्रोल असेल तर स्पार्क आणि पेट्रोल येतंय का बघा. डिझेल असेल तर लाइनमध्ये एअर धरली आहे का, फिल्टरमध्ये पाणी आहे का बघा. डॅशबोर्डवर इमोबिलायझरची लाइट लुकलुकत असेल, तर आधी किल्लीकडे लक्ष द्या.

तिसरं, मीटर. साधा मल्टिमीटर हजाराच्या आत येतो. बारा व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे, आधी चार्ज करा. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि बॅटरीवरच मीटर धरा. साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय. पण लगेच विकू नका. सेल्फ जाम असला तरी व्होल्टेज असंच पडतं, म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करून परत बघा. उलट व्होल्टेज अकरा-बाराच्या आसपास टिकून आहे आणि तरी सेल्फ कण्हतोय, म्हणजे बॅटरीत ताकद आहे, वाटेत कोणीतरी अडवतंय. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थमध्ये लोचा आहे. पॉझिटिव्हच्या केबललाही असंच तपासता येतं. त्या टेम्पोवर ही दोन मिनिटांची तपासणी पहिल्याच रात्री झाली असती, तर टोमॅटो वेळेवर पोचला असता.

गाडी चालू झाली की चार्जिंग बघा, बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट. आणि चालू गाडीचं टर्मिनल काढून डायनामो तपासायची जुनी सवय सोडा. आजच्या गाडीत त्याने ईसीएम उडू शकतो, आणि ते बिल तुमच्या अंगावर येईल.

"पण सर, आता स्कॅनर आलाय ना!" आलाय, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यावर तो हवाच. पण स्कॅनर कोड सांगतो, पार्ट सांगत नाही. सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर गेला असं नाही. त्याची वायर उंदराने कुरतडलेली असेल, कनेक्टरमध्ये पाणी असेल. कोड आला की तिथून तपासणी सुरू होते.

तुमचे तीन प्रश्न

"गिऱ्हाईक म्हणेल, नुसतं बघायचे पैसे?" म्हणेल. म्हणून त्याला कागद द्या. साध्या वहीचं पान चालेल : तक्रार काय, बॅटरी उभी असताना किती व्होल्ट, सेल्फ मारताना किती, अर्थ बघितला का, दोष कुठे, खर्च अंदाजे किती. खाली तारीख आणि सही. लोक अंदाजाला पैसे देत नाहीत, लिहिलेल्या आकड्याला देतात. आणि दर आधी सांगा, गाडीला हात लावायच्या आधी. नंतर सांगितलात तर भांडण ठरलेलं.

"काम आपल्यालाच मिळालं तर वजा का नाही करायचे?" कारण वजा केलेत की तुमची तपासणी परत फुकट झाली, आणि ते ३०० रुपये तुम्ही पार्टमध्ये शोधणार. शिवाय गिऱ्हाइकाला मोकळीक राहू द्या. कागद घेऊन तो दुसरीकडे गेला तरी तुमची मेहनत वसूल झालेली असते. जाऊ शकतो म्हणूनच तो परत येतो.

"निदान चुकलं तर?" तर दुसऱ्या तपासणीचे पैसे घ्यायचे नाहीत आणि चुकीचा बसवलेला पार्ट स्वतःच्या खिशातून. ऐकायला जड वाटतं ना? पण बहुतेक दुकानदार इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाहीत, तो भुर्दंड कोणावर तरी पडतोच. आजपर्यंत आपण तो गुपचूप गिऱ्हाइकावर टाकला. तो स्वतःवर घेण्याची तयारी असेल, तरच तपासणीचे पैसे मागायचा हक्क आहे. आणि जे काम आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, उदाहरणार्थ कॉमन रेलचे इंजेक्टर, तिथे "हे माझ्याकडे होणार नाही, पण दोष इथपर्यंत शोधलाय" असं कागदावर लिहून द्या. त्याचेही पैसे घ्या.

पहिले दोन-तीन महिने काही गिऱ्हाइकं तुटतील. खोटं सांगत नाही. फुकट बघणारा शेजारी असेल, तर त्याच्याकडे जातील. पण जे राहतील ते असे असतील, ज्यांची गाडी बंद म्हणजे चूल बंद : टेम्पोवाले, रिक्षावाले, स्कूल व्हॅनवाले, दूधवाले. त्यांना स्वस्त नको असतं, एकदाच हवं असतं.

तर गॅरेज टाकणार असाल, तर बोर्ड रंगवायला देताना नावाखाली एवढी एक ओळ घाला : "तपासणी ३०० रुपये. लेखी मिळेल." आकडा तुमच्या गावाप्रमाणे कमी-जास्त करा. पण ती ओळ पहिल्या दिवसापासून असू द्या. सहा महिने फुकट बघितल्यावर पैसे मागणं फार अवघड जातं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.