एकेकाने बोला!

मोटारी एकमेकींशी बिनतारी यंत्राने बोलू शकतात, हे ऐकून आमची सौ. म्हणाली, "बोलू देत हो, पण ऐकणार कोण?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. अशी मोटार सेकंदाला दहा वेळा सांगते : मी इथे आहे, वेग एवढा, ब्रेक दाबला. सगळ्या बोलतात मात्र एकाच लहरीवर. दोघी एकदम बोलल्या की दोघींचेही कळत नाही. 1971 साली हवाई बेटांवर 'अलोहा' नावाचे जाळे सुरू झाले. तिथे वाटेल तेव्हा बोलायची मुभा होती. गणित सांगते, अशाने फार तर 18 टक्के वेळ सत्कारणी लागतो. म्हणून मोटारींना शिस्त लावली : आधी कानोसा घ्या, सामसूम असेल तरच बोला, नाहीतर थोडे थांबा. हा नियम हळदीकुंकवालाही लावावा, पण ते राहू द्या.

आमच्या अँटॉप हिलला नावाप्रमाणे खरीच टेकडी आहे, आणि वडाळ्याचे ट्रक टर्मिनल जवळच. समजा, टेकडीच्या दोन अंगांना दोन ट्रक आहेत. या लहरी जेमतेम 5 सेंटिमीटरच्या. दगडाला वळसा घालणे त्यांना साधत नाही. दोघांनाही सामसूम वाटते, दोघेही एकदम बोलतात, आणि कोपऱ्यावरच्या शाळेच्या बसला नुसती खरखर ऐकू येते! टेलिफोनवर "ऐकू आलं का?" असे विचारता तरी येते. इथे निरोप सर्वांनाच असतो, त्यामुळे पोच कुणीच देत नाही.

आगबोटींनी यावर तोड काढली. त्यांच्या यंत्रात प्रत्येक वाहिनीवर मिनिटाचे 2250 तुकडे पाडतात, आणि प्रत्येक बोट आपला तुकडा आधीच राखून ठेवते. 2004 अखेर मोठ्या बोटींना हे यंत्र सक्तीचे झाले. तरीही 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' यांची टक्कर झालीच; पेट्या समुद्रात पडल्या, तेल सांडले.

रस्त्यावर तर मोटारींच्या मुंग्या. तेव्हा युरोपात उपाय निघाला : गर्दी वाढली की प्रत्येकीने कमी वेळा बोलावे. शहाणपणाचे आहे, पण ऐन गर्दीतच निरोप विरळ होणार, हेही ध्यानात असू द्यावे.

माझे म्हणणे एवढेच. यंत्र जरूर बसवा. पण ते गप्प आहे म्हणजे पलीकडे कुणी नाही, असे समजू नका. टेकडीच्या वळणावर पाय ब्रेकवरच असू द्या.