दुकान चार दिवस बंद राहील

दुकानदाराने सुट्टी घेऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. हे आधीच सांगून टाकतो. कारण या विषयावर मी तोंड उघडले की आमच्या सौभाग्यवती 'त्यांनाही बायकामुलं असतात हो' असे म्हणतात, आणि मी घरातल्या घरात भांडवलदार ठरतो. असू देत की बायकामुलं! दिवाळीत त्यांनीही करंज्या खाव्यात, सासुरवाडीला जावे, तिथे रीतसर रुसावे. १९४८च्या जुन्या कायद्यात दुकानाला आठवड्यातून एक दिवस टाळे लावणे सक्तीचेच होते. २०१७च्या कायद्याने दुकान बारा महिने तेरा काळ उघडे ठेवायला मुभा दिली. मी तेव्हाही टाळ्याच्या बाजूचा होतो, आजही आहे. माझे भांडण आहे ते टाळे लावून गुपचूप पळण्याशी.

गेल्या वसुबारसेला आईचे कानातले मशीन बिघडले. नवी बॅटरी घातली – ती नारिंगी कागद सोलून घालायची, शर्टाच्या गुंडीएवढी असते – तरी मशीन मुके. आमच्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने ते उलटसुलट करून पाहिले, कानाशी धरले, आणि 'परवा न्या' म्हणाला. परवा म्हणजे नरकचतुर्दशी, हे ना त्याच्या लक्षात आले ना माझ्या. म्हणजे माझ्या तरी आले नाही. त्याच्याबद्दल माझा संशय अजून फिटलेला नाही.

परवाच्या दिवशी, अभ्यंगस्नान आटोपून, अंगाला उटण्याचा वास घेऊन मी दुकानापाशी हजर. शटर खाली. शटरवर पुठ्ठा. पुठ्ठ्यावर 'दिवाळीनिमित्त दुकान चार दिवस बंद राहील.'

आता मला सांगा, कुठल्या दिवसापासून चार? तारीख नाही. हा पुठ्ठा मी नरकचतुर्दशीला वाचला तेव्हा चार दिवस उरले होते. पाडव्याला वाचला तेव्हाही चारच उरले होते. वर्षभर टांगून ठेवला तरी त्यात काही खोटे निघणार नाही.

पुठ्ठ्यावर मोबाइलचा नंबर होता, तो लावला. माझ्या कानात घंटी वाजू लागली आणि त्याच वेळी शटरच्या आतूनही वाजू लागली! मी फोन बंद केला, आतली घंटी बंद. पुन्हा लावला, पुन्हा सुरू. दुकानाचा फोन दुकानात कोंडून मालक गावाला गेले होते. तिसऱ्यांदा मी तो नुसता खात्रीसाठी लावला. शेजारच्या फुलवालीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरू इच्छितो.

मग नकाशात पाहिले. गूगलच्या मते दुकान उघडे होते आणि रात्री नऊपर्यंत उघडेच राहणार होते. मी शटरला टेकून हे वाचत होतो. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकला. क्षणात उत्तर! 'आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आम्ही लवकरच संपर्क साधू.' मालकाच्या मुलाने हौसेने बसवलेले ते आपोआप उत्तर. पूर्वीचे दुकानदार निदान स्वतःच्या तोंडाने थापा मारत.

आणि खरी मिरची मला पुढेच झोंबली. त्याच नंबरावरून त्याच दिवशी पहाटे पाच वाजता शुभेच्छा आल्या होत्या. पणती, रांगोळी, कोपऱ्यात दुकानाचे नाव, खाली 'आपली सेवा हाच आमचा धर्म'. म्हणजे माझा नंबर यांच्याजवळ होता, आणि निरोप धाडायची अक्कलही होती. एवढ्या पणतीखाली 'आम्ही अमुक तारखेपर्यंत नाही, तोवर मशीन घेऊन जा' ही एक ओळ घालायला किती तेल जळले असते?

यात काही मोठी विद्या लागते असेही नाही. धंदेवाईकांसाठीचे ते व्हॉट्सअ‍ॅप २०१८ साली आले. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कोणते उत्तर जावे, हे त्यात आधीच ठरवून ठेवता येते. नकाशातही सणासुदीच्या वेळा वेगळ्या नोंदवायची सोय आहे. चहा निवेपर्यंत दोन्ही कामे होतात. फोन घरी न्यायला तर खिसा पुरतो. पण आमच्याकडे यंत्र आणतात ते वापरायला नव्हे, आणले म्हणून सांगायला.

आमची वर्तमानपत्रे बघा. त्यांच्याबद्दल माझ्या इतर शंभर तक्रारी आहेत, पण कार्यालयाला सुट्टी असली तर 'उद्याचा अंक निघणार नाही' ही चौकट ती आधी छापतात. ज्या दिवशी नाही त्या दिवशी नाही, हे आधी सांगतात. म्हणून तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उकिडवा बसत नाही.

नाहीतर आमचा गिरणीवाला. त्याच्याकडे आपोआप बोलणारे काही नाही. बोलतो तो स्वतः, आणि तेही गिरणीच्या आवाजावर मात करून. भाजणी टाकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तो आठ दिवस आधीपासून ओरडून सांगतो, 'ताई, शनिवारपर्यंतच! रविवारपासून गुरुवारपर्यंत बंद!' खडूने फळीवर तारखा लिहितो. आणि शेवटच्या संध्याकाळी एकाचाही डबा गिरणीत राहू देत नाही. कुणी नेला नसेल तर पोराला सायकलवर घरी धाडतो. सणाच्या घरातले पीठ आपल्याकडे अडकू नये, एवढे त्याला कळते. कानाच्या मशीनवाल्याला ते कळू नये?

('आणि आपण कोकणात गेलो तेव्हा दुधवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं?' – ही सौभाग्यवतींची सूचना. चार दिवसांच्या पिशव्या दाराशी फुगल्या होत्या हे खरे. पण तो प्रस्तुत लेखाचा विषय नाही.)

भाऊबीजेला मामा आले. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली तेव्हापासून ते दर वर्षी साताऱ्याहून येतात. एरवी यायचे ते पैशाला नको म्हणायचे. मामांचा आवाज आता खोल गेलाय. ओवाळून झाल्यावर दोघे बहीणभाऊ झोपाळ्यावर बसले. मामा गावच्या घराबद्दल हळूहळू काहीतरी सांगत होते. बराच वेळ सांगत होते. मध्ये त्यांनी डोळे पुसले. आई हसून मान हलवत होती, आणि म्हणाली, 'घे ना अजून एक चकली.' मामांनी घेतली.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

सहाव्या दिवशी शटर वर गेले. मालक गावाकडून ताजेतवाने होऊन आले होते. कागदात गुंडाळलेले मशीन त्यांनी पुढे सरकवले.

'अहो, हे धनत्रयोदशीलाच तयार होतं. तुम्ही आलाच नाहीत!'

पाठ केलेली चार वाक्ये मी विसरलो. पैसे दिले, आणि 'परवा तुमचे शुभेच्छापत्र मिळाले' एवढेच म्हणालो. ते प्रसन्न हसले. 'मुलानं केलंय. छान आहे ना?'

घरी येऊन आईच्या कानात मशीन बसवले आणि पाच दिवसांच्या सवयीने ओरडलो, 'ऐकू येतंय का?'

'ओरडतोस कशाला?' आई म्हणाली. 'आणि मामाला फोन लाव. त्या दिवशी काय सांगत होता, ते विचारायचं राहिलंय.'