‘जुना माल, हमी नाही’: एका अर्धसत्याची तपासणी

वापरलेल्या संगणकभागांची खरेदी-विक्री दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या शहरांत दोन रीतींनी चालते. पहिली नेहरू प्लेसच्या दुकानांतून होते आणि तिथला दुकानदार निदान काही दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’ तरी देतो. दुसरी खाजगी व्यक्तींमधली. ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर जाहिरात येते, चार संदेश होतात, एखाद्या मेट्रो स्थानकाबाहेर भेट ठरते, यूपीआयने पैसे जातात आणि खोके हाती येते. घरी ग्राफिक्स कार्ड बसवून गेम सुरू केला की पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात किंवा संगणक आपोआप बंद पडतो. विचारणा केली की विक्रेता सांगतो, जुना माल आहे, त्याला हमी नसते, देताना चालू होता.

या उत्तरातला खरा भाग आधी मान्य करायला हवा. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम 16 नुसार मालाचा दर्जा किंवा उपयुक्तता यांची न बोललेली हमी सर्वसाधारणपणे नसते. जे मुख्य अपवाद आहेत ते त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याला लागू होतात. शिक्षण संपल्यावर स्वतःचा संगणक मोडून भाग विकणारा विद्यार्थी धंदेवाला नव्हे. 2020 चे ई-कॉमर्सविषयीचे ग्राहक संरक्षण नियमही नियमित व्यवसाय म्हणून न केलेल्या वैयक्तिक व्यवहाराला स्पष्टपणे वगळतात. त्यामुळे कार्ड आणखी दोन वर्षे चालेल, असे वचन खाजगी विक्रेत्याच्या तोंडी कायदा घालत नाही.

पण याच कायद्यात कलम 16 च्या आधी कलम 15 आहे, आणि पूर्वपक्ष नेमका तिथे कोसळतो. वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे, ही अट कलम 15 घालते. इथे विक्रेता व्यापारी आहे की घरगुती, असा भेद नाही. भारतीय कायदा ज्या 1893 च्या इंग्रजी कायद्यावर बेतला आहे, त्याखालचा 1967 मधला बील विरुद्ध टेलर हा खटला या मुद्द्यावर बोलका आहे. एका खाजगी मालकाने आपली मोटार 1961 ची हेराल्ड म्हणून जाहिरात देऊन विकली. प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या मोटारींचे अर्धे भाग जोडून बनवलेली निघाली. हे विक्रेत्यालाही ठाऊक नव्हते आणि खरेदीदाराने मोटार पाहूनच घेतली होती. तरीही अपील न्यायालयाने वर्णनाचा भंग मानून भरपाई दिली. हा निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही. मात्र तरतुदीची भाषा जवळपास तीच असल्याने त्यातला तर्क इथेही लागू पडतो.

‘आरटीएक्स 3060, 12 जीबी, पूर्ण चालू, माइनिंगला वापरलेले नाही’ ही ओळ म्हणजे असेच वर्णन आहे, आणि त्यातला प्रत्येक शब्द तपासता येतो. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या कूटचलनाने व्यवहार पडताळण्याची आपली पद्धत बदलली आणि त्या चलनासाठी ग्राफिक्स कार्डांवर चालणारे माइनिंग बंद झाले. त्यानंतर महिनोन्‌महिने रात्रंदिवस तापलेली कार्डे जगभरच्या जुन्या बाजारांत आली. माइनिंगसाठी अनेकदा कार्डाचे बायॉस बदललेले असते आणि ही खूण मूळ बायॉसशी ताडून ओळखता येते. जुन्या चिपवर नव्या मॉडेलचे नाव चढवलेली बनावट कार्डेही बाजारात आली. त्यांतली अनेक ओळखण्याची सोय जीपीयू-झेड या मोफत साधनात आहे. हार्ड डिस्क स्वतःच्या चालण्याच्या तासांची नोंद ठेवते. 2025 च्या आरंभी सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे जर्मनीत उघडकीस आले. त्यांची नेहमीची नोंद पुसून शून्य केलेली होती, पण ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या नोंदीत हजारो तास शिल्लक होते. तासांचा आकडा पुसून विकणे हे गप्प राहणे नव्हे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे जाणूनबुजून केलेली लपवाछपवी फसवणुकीत मोडते.

‘तुम्ही पाहूनच घेतले ना?’ हा दुसरा बचाव याहून दुबळा आहे. वस्तुविक्री कायद्याचे कलम 41 सांगते की, माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे धरले जात नाही. स्थानकाच्या पायरीवर कार्ड हातात घेऊन पंखा फिरतो का ते पाहणे ही तपासणी नव्हे. मेमरीचा दोष भार पडल्यावर दिसतो, तापण्याचा दोष अर्ध्या तासाने. मात्र या संधीला मुदत आहे. माल घरात ठेवून वाजवी काळ काही कळवलेच नाही, तर कलम 42 प्रमाणे तो स्वीकारला गेला असे धरतात. मग कलम 13 मुळे माल परत करण्याचा हक्क जातो आणि फक्त भरपाई मागता येते. म्हणून दोष दिसला त्याच दिवशी तो लेखी कळवणे अत्यंत महत्त्वाचे आहे.

खरेदीदारांच्या बाजूचाही एक समज खोडून काढला पाहिजे. तो म्हणजे घेतलेला भाग बंद पडला की फसवणूक झालीच. चिपखालचे सोल्डरचे जोड तापण्या-निवण्याने तडकतात आणि विकल्यानंतर तिसऱ्या दिवशी तडकू शकतात. इंटेलच्या मदरबोर्डावरील सॉकेटच्या पिना प्रोसेसर बसवताना खरेदीदाराच्याच हातून वाकतात. हलका पॉवर सप्लाय जोडून चांगले कार्डही अस्थिर ठरवले जाते. विक्रेत्यांचीही एक रास्त तक्रार असते: चांगले कार्ड नेऊन आपले बिघडलेले परत आणले जाते. अशा वादात सीरियल नंबरशिवाय कोणाचेच म्हणणे सिद्ध होत नाही.

याच समजापोटी लोक थेट पोलिसांत जातात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधल्या फसवणुकीसाठी व्यवहाराच्या आरंभापासूनच बेइमानीचा हेतू असावा लागतो. केवळ करारभंगाला हा गुन्हा म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात सांगितले. पैसे घेऊन रिकामे खोके देणारा किंवा बनावट कार्ड जाणूनबुजून खपवणारा मात्र या कलमात येऊ शकतो. खरेदीदार गुरुग्रामचा, विक्रेता नोएडाचा आणि भेट नेहरू प्लेसला, असे असले तर तीन पोलीस दले समोर येतात. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर तिथे टिकत नाही, कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते.

मग खरा मार्ग कोणता? महिन्याला वीस कार्डे विकून स्वतःला घरगुती म्हणवणारा माणूस व्यापारीच आहे. त्याच्याविरुद्ध खरेदीदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि दोषाचा वाद असेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद 2019 च्या कायद्यात आहे. खऱ्या खाजगी विक्रेत्याविरुद्ध दिवाणी दावाच उरतो आणि बारा हजारांच्या कार्डासाठी तो परवडत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दाव्याआधीच लोकअदालतीत जाता येते, पण तिथे दोघांची तडजोड व्हावी लागते. म्हणून या तंट्याचे खरे औषध पैसे देण्याआधीच्या संदेशात आहे. मॉडेल, सीरियल नंबर, पूर्वीचा वापर, माहीत असलेले दोष आणि तपासणीसाठी तीन ते सात दिवस, एवढे विक्रेत्याने स्वतः लिहावे. सोबत सीरियल नंबर दिसेल असा, कार्ड भाराखाली चालतानाचा व्हिडिओ असावा. प्रामाणिक विक्रेत्याचे रक्षणही याच लेखी नोंदीने होते. हे संदेश मूळ फोनवर जपावेत, कारण त्यांची प्रत न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. वस्तू कुठे हाती दिली तेही संदेशात लिहावे. दिवाणी दावा विक्रेत्याच्या गावी दाखल करता येतो, तसाच व्यवहार जिथे घडला तिथल्या न्यायालयातही करता येतो.