हरिरी : उभे राहिलेले शहर, न उभे राहिलेले राज्य

बैरूतच्या समुद्रकिनाऱ्यावरील सेंट जॉर्ज हॉटेलसमोर १४ फेब्रुवारी २००५ रोजी झालेल्या प्रचंड स्फोटात लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्यासह २२ जण ठार झाले. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांत, २९ वर्षे लेबनॉनमध्ये तळ ठोकून बसलेले सीरियाचे सैन्य मायदेशी परतले. हयातीत हरिरींना जे साधले नाही, ते त्यांच्या मृत्यूने साधले. मात्र ज्या राज्ययंत्रणेच्या बळावर नवा लेबनॉन उभा राहायचा होता, ती यंत्रणा त्यांच्या पश्चातही उभी राहू शकली नाही. पैसा आणि कर्तृत्व यांच्या जोरावर मोडलेले राष्ट्र सांधता येते काय, हा प्रश्न हरिरींच्या कारकिर्दीने जगापुढे ठेवला. त्याचे उत्तर मात्र लेबनॉनच्या जनतेला फार महागात पडले.

१ नोव्हेंबर १९४४ रोजी सैदा या बंदराच्या शहरात एका सामान्य सुन्नी कुटुंबात हरिरींचा जन्म झाला. १९६५ मध्ये नशीब काढण्यासाठी ते सौदी अरेबियात गेले. काही काळ शिक्षकाची नोकरी केल्यावर ते बांधकाम व्यवसायात उतरले. तेलाच्या पैशाने सौदीत बांधकामांचे पेव फुटले होते. राजे खालिद यांच्यासाठी तैफ येथील हॉटेल अत्यंत अल्प मुदतीत बांधून दिल्याने राजघराण्याची मर्जी त्यांच्यावर बसली आणि १९७८ मध्ये त्यांना सौदी नागरिकत्व मिळाले. ओजर ही फ्रेंच कंपनी ताब्यात घेऊन त्यांनी 'सौदी ओजर'चा विस्तार केला आणि ते अब्जाधीश झाले.

मायदेशी तेव्हा यादवी युद्धाचा वणवा पेटला होता. १९७५ ते १९९० या काळात लेबनॉन अक्षरशः होरपळून निघाला. १९७९ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानामार्फत हरिरींनी हजारो लेबनीज विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा खर्च उचलला. १९८२ च्या इस्रायली आक्रमणानंतर बैरूतमधील ढिगारे उपसण्याचे काम त्यांच्या कंपनीने केले. सौदीचे मध्यस्थ म्हणून ते जीनिव्हा व लोझान येथील वाटाघाटींत वावरले. यादवीवर पडदा टाकणारा १९८९ चा तैफ करार घडवून आणण्यातही त्यांचा वाटा होता.

ऑक्टोबर १९९२ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा चलन कोसळले होते आणि राजधानीचा मध्यभाग उद्ध्वस्त अवस्थेत होता. हरिरींच्या नावानेच बाजाराला धीर आला. मध्य बैरूतच्या पुनर्बांधणीसाठी १९९४ मध्ये 'सॉलिडेर' ही कंपनी स्थापन झाली. जुन्या मालकांना व भाडेकरूंना जागेच्या मोबदल्यात समभाग देण्यात आले. स्वतः पंतप्रधान कंपनीचे बडे भागधारक होते. शहराचे मध्यवर्ती केंद्र पुन्हा झळकू लागले, पण तेथील पिढीजात दुकानदार मात्र बाहेर फेकले गेले. सरकारचा प्रमुख आणि लाभार्थी उद्योजक एकच, ही टीका हरिरींची पाठ अखेरपर्यंत सोडू शकली नाही.

याहून गंभीर बाब होती कर्जाची. चलन स्थिर राखण्यासाठी सरकारने अवाच्या सवा व्याजाने रोखे काढले. १९९५ मध्ये हा दर ३० टक्क्यांच्याही पुढे गेला होता. बँका गब्बर झाल्या आणि सरकार कर्जबाजारी. २००४ पर्यंत सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीडपटीहून अधिक झाले. पश्चिम आशियात शांतता नांदेल, गुंतवणूक येईल आणि कर्ज फिटेल, असा हा हिशेब होता. शांतता आलीच नाही, व्याज मात्र वाढत राहिले.

राजकीय आघाडीवरही त्यांचे हात बांधलेलेच होते. लेबनॉनमध्ये राष्ट्राध्यक्षपद मॅरोनाइट ख्रिश्चनांकडे, पंतप्रधानपद सुन्नींकडे आणि सभापतिपद शियांकडे, अशी विभागणी आहे. त्या काळी या तिघांच्याही वर दमास्कसची हुकमत चाले. हिजबुल्लाकडे शस्त्रे, सीरियाकडे निर्णय आणि हरिरींकडे अर्थकारण, अशी ही अलिखित वाटणी होती. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष एमिल लाहूद यांची मुदत तीन वर्षांनी वाढविण्याचा आग्रह सीरियाने धरला, तेव्हा ही वाटणी मोडली. सीरियाचा रोख असलेला १५५९ क्रमांकाचा ठराव सुरक्षा परिषदेने २ सप्टेंबर रोजी संमत केला. दुसऱ्याच दिवशी लेबनॉनच्या संसदेने ९६ विरुद्ध २९ मतांनी मुदतवाढ मंजूर केली. मनाविरुद्ध तिला पाठिंबा देणाऱ्या हरिरींनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला. चार महिन्यांनी त्यांची हत्या झाली.

न्यायाला पंधरा वर्षे लागली. हेगनजीकच्या विशेष न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०२० मध्ये हिजबुल्लाशी संबंधित सलीम अय्याश याला दोषी ठरविले, तर २०२२ मध्ये अपिलात आणखी दोघे दोषी ठरले. तिघेही खटल्यास कधीच हजर नव्हते. हिजबुल्लाचे नेतृत्व वा सीरियाचे सरकार यांचा थेट सहभाग सिद्ध करणारा पुरावा मात्र न्यायालयापुढे आला नाही.

दरम्यान हरिरींनी उभारलेला डोलारा एकेक करून ढासळला. २०१६ मध्ये 'सौदी ओजर'चे वेतन थकले आणि हजारो भारतीय कामगार सौदीत अडकून पडले. त्यांच्यासाठी भारत सरकारला मंत्री पाठवावा लागला. पुढच्याच वर्षी कंपनी बंद पडली. २०१९ मध्ये लेबनॉनची बँकव्यवस्था कोसळली, सामान्य ठेवीदारांचे पैसे अडकले आणि मार्च २०२० मध्ये देशाने इतिहासात प्रथमच परकीय कर्ज बुडविले. पुत्र साद हरिरी यांनी जानेवारी २०२२ मध्ये सक्रिय राजकारण थांबविल्याचे जाहीर केले.

या सर्व पडझडीचे खापर एकट्या हरिरींवर फोडणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्यानंतरच्या सरकारांनी तोच मार्ग अधिक बेफिकिरीने चोखाळला. परंतु कंत्राटदाराची हातोटी इमारतीला पुरते, राज्याला पुरत नाही. कर वसूल करणारे प्रशासन, निर्भय न्यायसंस्था आणि शस्त्रांवर एकाच सत्तेचा ताबा या गोष्टी निविदा काढून मिळत नाहीत. हरिरींनी शहराला दर्शनी भाग दिला. पाया घालण्याची मुभा त्यांना कोणी दिली नाही आणि त्यांनीही ती पुरेशा आग्रहाने मागितली नाही.