बाळ फडावर, लस गावात

दसऱ्याचे सोने लुटून झाले की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर बांधाबांध सुरू होते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, वडवणी, धारूर, केज, परळी अशा तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कोणी सोलापूर-अहिल्यानगरकडे, तर कोणी थेट बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवर. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याच्या हिशेबात आईच्या कडेवरचे बाळ कुठेच नसते. टोळीच्या यादीत त्याचे नाव नसते, कारखान्याच्या दप्तरी त्याची नोंद नसते आणि गावच्या आरोग्य सेविकेला ते पुढचे पाच-सहा महिने दिसत नाही. नेमक्या याच महिन्यांत त्यातल्या अनेक बाळांना गोवराची लस मिळायला हवी असते.

बीडमधल्या गोवराचा प्रश्न मुळात तारखांचा आहे. त्या तारखा मांडून पाहिल्या, तर आजची व्यवस्था कुठे तुटते ते स्पष्ट दिसते. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात गोवर-रुबेला म्हणजे एमआर लसीचा पहिला डोस बाळाला ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिला जातो. तोडणीचा हंगाम साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिल. म्हणजे जानेवारीअखेरीपासून जुलैपर्यंत जन्मलेल्या बाळाचे ९ महिने भरतात तेव्हा ते गावात नसते. कुठल्या तरी उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत असते. वर्षातल्या जवळपास निम्म्या जन्मांची ही गोष्ट आहे. फेब्रुवारीत जन्मलेले बाळ दिवाळीत निघते तेव्हा पहिल्या डोसला अवघे काही दिवस उरलेले असतात. हंगाम संपून कुटुंब परत येते तेव्हा ते सव्वा वर्षाचे झालेले असते. पहिला डोस चुकलेला असतो आणि मधला धोक्याचा काळ ते विनासंरक्षण काढून आलेले असते. पाचव्या महिन्यात निघालेल्या बाळाचेही तेच होते, कारण त्याला निघण्यापूर्वी ही लस देताच येत नाही.

हा मधला काळ किती धोक्याचा, तेही पाहिले पाहिजे. आपल्याकडे गोवराचा जोर हिवाळ्याच्या उत्तरार्धात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर असतो, साधारण जानेवारी ते एप्रिल. गाळप ऐन भरात असते ते याच दिवसांत. आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती ९ महिन्यांच्या आसपास ओसरते. लसीसाठी ते वय ठरवले गेले ते त्यामुळेच. अशा वेळी चार-पाच तालुक्यांतून आलेली कुटुंबे कारखान्याच्या अड्ड्यावर एकमेकांना लागून कोप्या टाकतात. पाणी एकाच टँकरचे, पोरे एकत्र खेळणारी, रात्री दाटीवाटीने झोपणारी. गोवराइतका झपाट्याने पसरणारा दुसरा आजार क्वचितच सापडेल. एक रुग्ण १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो. रुग्ण निघून गेला तरी विषाणू त्या जागेच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. संरक्षण नसलेल्या दहा जणांचा रुग्णाशी जवळून संबंध आला, तर त्यातल्या नऊ जणांना गोवर होतो. अंगावर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून तो पसरतो, म्हणजे घरात गोवर आला हे कळायच्या आत शेजारच्या कोपीत तो पोहोचलेला असतो.

म्हणून दोन्ही डोसांचे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेल्याशिवाय गोवर थांबत नाही, असे जगभरचा अनुभव सांगतो. पण जिल्ह्याच्या सरासरीने समाधान मानण्यात मोठा धोका आहे. जिल्ह्याचा आकडा ९५ झाला आणि उरलेली पाच टक्के मुले गावोगाव विखुरलेली असली, तर गोष्ट वेगळी. बीडमध्ये ती विखुरलेली नसतात. ती एकाच टोळीत, एकाच अड्ड्यावर, शेजारी-शेजारी असतात. गोवराला तेवढे पुरते.

महाराष्ट्राने याची किंमत मोजलेली आहे. २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतल्या गोवंडीत मुले दगावू लागली, तेव्हा सरकार जागे झाले. भिवंडी, मालेगाव अशा दाट वस्त्यांच्या शहरांत उद्रेक झाला, केंद्राची पथके आली, राज्याने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले. कोविडच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते आणि गोवंडीसारख्या वस्तीतली रोजगारासाठी ये-जा करणारी कुटुंबे कुठल्याच यादीत धड नव्हती. दगावलेल्या मुलांपैकी बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. उद्रेकाच्या भागात मग ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना जादा डोस देण्यात आला. जिथे लहान बाळांमध्ये लागण जास्त होती, तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही एक वेगळा डोस देण्याची मुभा मिळाली. हे सगळे मुले गेल्यानंतर झाले. त्याआधी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी राज्यभर एमआर मोहीम झाली होती, शाळा-शाळांत लस टोचली गेली होती. पण मोहिमेनंतर दरवर्षी नवी बाळे जन्माला येतात. त्यांच्यासाठी रोजची व्यवस्थाच लागते.

ती व्यवस्था आज गावाला बांधलेली आहे आणि ती बाळाच्या मागे गेली पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.

यात कागदावरच्या अडचणींपेक्षा हाताशी येणाऱ्या अडचणी जास्त आहेत. एमआर लस भुकटीच्या रूपात येते, द्रावण मिसळून ती तयार करतात आणि एकदा मिसळली की चार तासांत वापरावी लागते; उरली तर फेकून द्यावी लागते. इतर काही लसींची उघडलेली कुपी पुढच्या सत्रासाठी ठेवता येते, तशी ही येत नाही. एका कुपीत अनेक डोस असतात आणि कोप्यांवर लसीच्या वयाची बाळे सापडतात दोन. अशा वेळी कुपी फोडायला सेविकेचा हात कचरतो, कारण वाया गेलेल्या डोसांचा जाब तिला द्यावा लागेल अशी भीती असते. बाळाच्या आईला मग ‘पुढच्या बुधवारी या’ असे सांगितले जाते. पुढच्या बुधवारी टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेलेली असते. वाया गेलेले डोस स्वस्त आहेत, गोवर झालेले मूल महाग आहे, हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी लेखी आदेशात लिहून द्यावे. समोर एकच बाळ असले तरी कुपी उघडली गेलीच पाहिजे, आणि त्याबद्दल कुठल्याही सेविकेला प्रश्न विचारला जाऊ नये.

दुसरी अडचण ओळखीची. फडावरचे बाळ हे तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या उद्दिष्टात धरलेले नसते. ते ‘आपले’ नसते. इकडे बीडच्या यादीत ते असते, पण जागेवर नसते. लसीकरणाची नोंद आता यू-विन या ऑनलाइन प्रणालीवर होते आणि देशात कुठेही डोस घेतला तरी तो त्याच मुलाच्या नावावर चढू शकतो. साधन हाती आहे. निघण्याआधी प्रत्येक टोळीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची आणि गरोदर महिलांची यादी करून, कुठल्या बाळाला कुठल्या महिन्यात डोस द्यायचा हे लिहून, ती यादी कारखान्याच्या तालुक्यातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवणे हे काही अवघड काम नाही. टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार हे मुकादमाला ठाऊक असते, कारखान्याला ठाऊक असते, कारण करार झालेला असतो. पैशांची उचल लिहून ठेवता येते तर बाळाची तारीखही लिहून ठेवता येईल.

निघण्यापूर्वीची कामे बीडमध्येच होण्यासारखी आहेत. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजल्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. आता हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर महिलांची आरोग्य तपासणी जिल्ह्यात केली जाते. त्याच टेबलावर बाळाचे लसीकरण कार्ड पाहिले जावे. ज्याचा डोस राहिलेला आहे, त्याला तिथेच द्यावा. पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस भरून काढता येतो. सावरगाव घाटावर आणि नारायणगडावर दसऱ्याला हजारोंचा समुदाय जमतो. तिथे व्यासपीठावरून ऊसतोड कामगारांच्या नावाने भाषणे होतात. त्या भाषणांत एक वाक्य लसीचे असावे आणि मंडपाशेजारी एक लसीकरण कक्ष असावा. ज्या नेत्यांचा शब्द या लोकांमध्ये चालतो, त्यांनी तो यासाठी खर्च करावा.

एवढे करूनही एखाद्या बाळाला गोवर झाला, तर काय करायचे हे कोपीतल्या आईला माहीत असले पाहिजे. सुरुवातीला ताप, सर्दी, खोकला आणि लाल, पाणावलेले डोळे. तीन-चार दिवसांनी कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ उतरू लागते. आपल्याकडे गोवर निघाला की दाराला लिंबाचा पाला बांधतात, देवीचे मानतात, फोडणी बंद करतात. त्या श्रद्धेशी आमचा वाद नाही. पाल्याने बाळाचे काही बिघडत नाही. बिघडते ते बाळाला उपाशी ठेवल्याने, पाणी तोडल्याने आणि ‘गोवर पुरता बाहेर पडू दे’ म्हणून दवाखाना लांबवल्याने. गोवराच्या बाळाला नेहमीपेक्षा जास्त पाजायचे असते. अंगावरचे दूध सुरूच ठेवायचे, पातळ वरण-भात, पेज द्यायची, जुलाब लागले तर ओआरएस द्यायचे, डोळे स्वच्छ ओल्या कपड्याने पुसायचे. विषाणूला मारणारे खास औषध नाही; प्रतिजैविके लागतात ती न्यूमोनिया किंवा कानाचा पू अशा गुंतागुंतीत, आणि ती डॉक्टरांनीच द्यायची. ताप उतरावा म्हणून कुणाकडूनही इंजेक्शन टोचून घेणे हा उपाय नव्हे.

एक औषध मात्र प्रत्येक गोवराच्या मुलाला मिळालेच पाहिजे, ते म्हणजे अ जीवनसत्त्व. सलग दोन दिवस, दिवसाला एक मात्रा: सहा महिन्यांखालील बाळाला ५० हजार युनिट, सहा महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाला १ लाख आणि वर्षावरच्या मुलाला २ लाख. हे आरोग्य केंद्रात, तिथल्या देखरेखीखाली द्यायचे. डोळे वाचतात ते याने, आणि जीवही. नियमित वेळापत्रकात अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस एमआरच्या पहिल्या डोसाबरोबरच दिला जातो. म्हणजे फडावर गेलेल्या बाळाची लस चुकते तेव्हा हेही चुकते, आणि कुपोषित बाळाला गोवर अधिक जबर होतो. श्वास जोरात चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, बाळ पिईनासे झाले, गुंगीत जाऊ लागले, झटका आला, बुबुळावर पांढरट झाक आली किंवा तोंडात खोल फोड आले, तर रात्र काढायची नाही. जवळचे सरकारी रुग्णालय गाठायचे. जिल्ह्यात असाल तर बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाला इतर मुलांपासून दूर ठेवावे. पुरळासह ताप आलेला प्रत्येक रुग्ण आशाताईला, आरोग्य केंद्राला कळवावा, कारण रक्ताचा नमुना तपासल्याशिवाय उद्रेक पकडला जात नाही. संपर्कात आलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत लस मिळाली, तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो.

पुरळ मावळले म्हणजे आजार संपला असेही नाही. गोवर शरीराची जुन्या रोगांविरुद्ध कमावलेली ताकद पुसून टाकतो, हे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. पुढचे अनेक महिने मूल जुलाब आणि न्यूमोनियाला सहज बळी पडते. त्याचे वजन, त्याचा आहार यावर अंगणवाडीने लक्ष ठेवायचे असते. फडावरच्या मुलाच्या वाट्याला ती अंगणवाडीही येत नाही.

मोठ्यांचे काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. गोवर हा पोरांचा आजार अशी समजूत आहे; प्रत्यक्षात विशीपुढच्या माणसाला तो झाला तर गुंतागुंतीची शक्यता वाढते. आपल्या देशात नियमित वेळापत्रकात दुसरा डोस २०१० पासून येऊ लागला. त्याआधी जन्मलेल्या आणि २०१८ च्या मोहिमेतून वयाने सुटलेल्या अनेकांना फार तर एकच डोस मिळालेला आहे. ज्यांना लहानपणी गोवर झाला ते सुरक्षित. ज्यांना आठवत नाही आणि नोंदही नाही, त्यांनी, विशेषतः दवाखान्यांत काम करणाऱ्यांनी आणि लग्न झालेल्या तरुणींनी, डॉक्टरांना विचारून लस घ्यावी. गरोदरपणात मात्र ही लस देत नाहीत. ती घ्यायची असेल तर आधी घ्यावी आणि नंतर किमान एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत. गरोदरपणात गोवर झाला तर गर्भपाताचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका असतो. सातव्या-आठव्या महिन्यात मोळी उचलणाऱ्या बाईसाठी हा धोका पुस्तकातला नाही.

देशाने गोवर-रुबेला निर्मूलनासाठी आधी २०२०, मग २०२३ आणि आता २०२६ ही मुदत ठरवली. बीडसारख्या जिल्ह्यातली फडावरची बाळे मोजल्याशिवाय ती कुठल्याच साली गाठता येणार नाही. खर्चाची सबब सांगू नये. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले आहे. त्या पैशातून प्रत्येक कारखान्याच्या अड्ड्यावर हंगामात महिन्यातून एकदा लसीकरण सत्र घ्यावे. गाळपाचा परवाना देताना साखर आयुक्तालयाने कारखान्याकडून त्याची हमी घ्यावी. हंगाम संपताना पाच वर्षांखालची किती मुले आली आणि किती जणांना लस मिळाली, याचा आकडा जाहीर करावा. बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी यंदाची पहिली टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक टोळीतल्या मुलांची यादी तयार करून घ्यावी.

आणि आईबापांना एक विनंती. भांडी, बिछाना, शिधा बांधताना बाळाचे लसीचे कार्ड त्यात नक्की ठेवा. ज्या कारखान्यावर जाल तिथल्या आरोग्य केंद्रात ते दाखवा. गाव कुठले असे कोणी विचारले तर बीड सांगा, आणि लस मागून घ्या. ती सरकारी आहे, मोफत आहे आणि तुमच्या बाळाच्या हक्काची आहे.